खोक्यावरचा आकडा

थांब. ते खोकं उघडू नकोस, परत करायचं आहे.

आजोबांच्या यशिका मॅट कॅमेऱ्यावरच्या १५० निगेटिव्ह हाती आल्या आणि तुला त्यांना साधी पट्टी लावून बघावंसं वाटलं नाही? १२० ची फिल्म आहे ती. चौकट ५६ मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद. तू आणलेल्या स्कॅनरची खाच ३५ मिलिमीटरच्या फिल्मची. त्यात ही शिरणारच नाही. दुकानात एवढा एक प्रश्न विचारला नाहीस. ७२०० डीपीआय दिसलं आणि पैसे मोजून मोकळा झालास.

मग आकड्याचंच ऐक. एप्सन व्ही ८५० स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असतं. बारीक रेघांची चाचणीपट्टी ठेवून मोजलं, की पदरात पडतात सुमारे २३००. तू ६४०० लावून स्कॅन केलंस तर एका चौकटीची १६ बिटची रंगीत फाइल जवळजवळ १.२ गिगाबाइटची होईल आणि तपशील मात्र २३०० च्या आसपासचाच राहील. तरी तो स्कॅनर मी तुला घ्यायला लावला असता. कारण २३०० नेसुद्धा या चौकोनाच्या एका बाजूला ५००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने १६ इंचांची प्रिंट सहज निघते. तुझ्या भिंतीला याहून मोठी कशाला हवी?

निकॉनचा कूलस्कॅन ९००० जुना मिळतोय म्हणालास. ४००० डीपीआय खरोखर देणारं यंत्र आहे, मला फार आवडतं. पण त्याचं उत्पादन कधीच थांबलं आणि ते फायरवायरवर चालतं. तुझ्या लॅपटॉपला ती जोडणी आहे का, बघितलंस?

हे सगळं एक वेळ सोडून देईन. पण काल रात्री निगेटिव्ह सरळ ऑफिसच्या स्कॅनरच्या काचेवर टाकलीस, ते नाही सोडणार. त्याच्या झाकणात दिवा नसतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार गेल्याशिवाय चित्र येणार कुठून? काळं आलं म्हणून दुसरी टाकलीस, मग तिसरी. तिन्हींच्या इमल्शनवर तुझ्या अंगठ्याचे ठसे आहेत. या निगेटिव्हची दुसरी प्रत जगात नाही, कळतंय का तुला?

आणि धूळ सॉफ्टवेअर काढील, या भरवशावर राहू नकोस. तुझ्या निगेटिव्ह कृष्णधवल आहेत. धूळ हुडकणारा इन्फ्रारेड प्रकाश त्यांतल्या चांदीतच अडतो आणि यंत्र चित्रालाच कचरा समजतं. इथे ब्लोअर आणि मऊ ब्रश, दुसरा उपाय नाही. फिल्म होल्डरमध्ये ताठ बसली पाहिजे. पोक काढून राहिली तर मध्यभाग धूसर येतो आणि काचेला टेकली तर न्यूटनची वलयं उमटतात.

उद्या सकाळी सातला ये. सुती हातमोजे आण. पहिली निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवून भिंगातून बघू, आजोबांनी फोकस कुठे धरला होता ते. यंत्राचं त्यानंतर बोलू.