करार उघडा होता म्हणून

डॉसला नेटवर्क ठाऊकच नव्हतं. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या या प्रणालीत फाइल उघडण्याची आणि पडद्यावर अक्षर उमटवण्याची सोय होती. इथरनेटच्या तारेतून आलेला मजकूर कोणी उचलायचा, हे मात्र तिनं कुठंच सांगितलेलं नव्हतं. नेटवर्क कार्डं नाना कंपन्यांची आणि प्रत्येकाची चाल वेगळी. नेटवर्कवर चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं एकेका कार्डाशी स्वतंत्रपणे झुंजायचं, अशी परिस्थिती होती.

तरीही डॉसचा जुना संगणक आज घरच्या राउटरला जोडता येतो. याचं श्रेय मी यंत्राच्या टिकाऊपणाला देत नाही. ते एका छोट्या, उघड्या कराराचं आहे.

१९८० च्या दशकात एफटीपी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीनं ‘पॅकेट ड्रायव्हर’ कसा असावा याचा मसुदा लिहिला आणि तो सर्वांना वापरू दिला. त्यात फार काही नाही. ड्रायव्हरनं हेक्स ६० ते ८० यांमधल्या एखाद्या सॉफ्टवेअर इंटरप्टवर बसायचं आणि ओळख म्हणून ‘पीकेटी डीआरव्हीआर’ ही अक्षरं ठरलेल्या जागी ठेवायची. प्रोग्रॅम एकेक इंटरप्ट तपासत जातो, ती अक्षरं दिसली की थांबतो आणि ‘या प्रकारची पॅकेटं आली तर मला दे’ असं सांगतो. कार्डाच्या खोडी ड्रायव्हरपाशीच राहतात. क्लार्कसन विद्यापीठाशी संबंधित असलेल्या रसेल नेल्सन यांनी पुढे अनेक कार्डांचे असे ड्रायव्हर एकत्र केले, तेही सोर्स कोडसकट. ‘क्रिनवर’ या नावानं तो संग्रह आजही वापरात आहे.

याचा अर्थ काम सोपं आहे, असा नाही. नॉव्हेलचं एनई२००० हे त्या काळचं घरोघरी पोचलेलं कार्ड घ्या. त्याचा नेहमीचा पत्ता पोर्ट हेक्स ३०० आणि प्रोसेसरला वर्दी देण्याची ओळ म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट ३. पण पीसीचं दुसरं सीरियल पोर्टही इंटरप्ट ३ च वापरतं. दोघं एकाच ओळीवर आले की विचित्र प्रकार घडतो. ड्रायव्हर मेमरीत बसतो, कार्डाचा मॅक पत्ता अचूक वाचून दाखवतो, कुठं त्रुटीची सूचना नाही. मग आयपी पत्ता मागायला जावं, तर उत्तर येतच नाही. खरं तर ते आलेलं असतं, कार्डावरच्या १६ केबी मेमरीत पडून असतं. फक्त ‘आलं आहे’ ही वर्दी प्रोसेसरपर्यंत पोचलेली नसते. मॅक पत्ता वाचायला इंटरप्ट लागत नाही, पॅकेट घ्यायला लागतो, हे कळलं की निदान होतं. सीरियल पोर्ट बंद करायचं किंवा कार्डाला दुसरा इंटरप्ट द्यायचा. संगणकाच्या आत काय चालतं ते या अर्ध्या तासात जेवढं कळतं, तेवढं अनेक पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत.

एनई२००० मागेही उघडेपणाच आहे. ते नॅशनल सेमीकंडक्टरच्या डीपी८३९० या चिपवर बेतलेलं होतं आणि त्या चिपची माहितीपत्रकं छापून उपलब्ध होती. म्हणून कित्येक कंपन्यांनी त्याच्या स्वस्त प्रतिकृती काढल्या. आज क्यूईएमयूसारखं एम्युलेटरही तेच कार्ड हुबेहूब वठवतं. मायकेल ब्रटमन यांनी या शतकात डॉससाठी लिहिलेला एमटीसीपी हा संच मूळच्या ८०८८ प्रोसेसरवरही चालतो. त्यांना प्रत्येक कार्ड समजून घ्यावं लागलं नाही. जुना करार पाळणं पुरेसं होतं. याउलट ज्या कार्डांची माहिती कंपनीनं कपाटात ठेवली, ती धडधाकट असूनही मुकी झाली.

हा केवळ हौशी लोकांचा विषय नाही. प्रयोगशाळांतली कितीतरी उपकरणं आणि कारखान्यांतली सीएनसी यंत्रं डॉसच्या संगणकांवर चालत आली. फ्लॉपी ड्राइव्ह दगा देतात, तेव्हा आतली माहिती बाहेर काढायला तारेचाच आधार उरतो. उघड्या कराराचं हे तत्त्व आपल्या भाषेलाही लागू पडतं. सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर मराठी मजकूर तयार होऊ लागला. तो इस्की या सार्वजनिक मानकात साठवलेला असेल, तर आज युनिकोडमध्ये आणता येतो, कारण इस्कीचा तक्ता सर्वांसमोर आहे. युनिकोडची देवनागरीही त्याच्याच पायावर उभी आहे. एखाद्या फाँटच्या खासगी संकेतांत अडकलेला मजकूर सोडवायचा, तर आधी त्या फाँटचा तक्ता शोधा, नाहीतर अंदाजानं पुन्हा रचा.

जुन्या यंत्राला थेट इंटरनेटवर सोडू नये, हे मान्य. आजची एचटीटीपीएस संकेतस्थळं त्याला पेलणारही नाहीत. पण घरातल्या किंवा संस्थेतल्या बंदिस्त जाळ्यात एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीनं देवाणघेवाण करणं त्याला सहज जमतं, आणि बहुतेक वेळा गरज तेवढीच असते.

म्हणून एखाद्या उत्पादनाला पुढं आधार देणार नाही असं जाहीर करणाऱ्या कंपनीनं त्याच दिवशी त्याची तांत्रिक माहिती खुली करावी, आणि सरकारी खरेदीच्या करारात ही अट असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर आपल्या हातात आहे ते करू या. कपाटात जुन्या नेटवर्क कार्डाची फ्लॉपी किंवा माहितीपुस्तिका सापडली, तर रद्दीत देण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.