केमो संपल्यावरची गोळी

चि. बाळ,


बाबांची सहावी केमो पार पडली हे वाचून जीव भांड्यात पडला. तू पहाटे उठून त्यांना ब काविळीवरची एन्टेकॅविरची गोळी देतोस आणि पुढे दोन तास चहाचा घोटही घेऊ देत नाहीस, हे तुझ्या आईने सांगितलं; गुणाचं लेकरू माझं. पण ‘केमो संपली, आता ही गोळीही बंद करावी म्हणतो’ असं तू लिहिलंस, ते वाचून मात्र लगेच लिहायला बसले. एवढी घाई नको रे राजा.

ब काविळीचा विषाणू यकृताच्या पेशींत खोल मुरून राहतो. रक्तात सापडला नाही म्हणून तो गेला असं होत नाही. केमोने, सोबतच्या स्टेरॉइडने शरीराची राखण सैल पडते आणि तो आतल्या आत वाढतो. मग उपचार थांबले, राखण पुन्हा सावध झाली, की ती आपल्याच यकृताच्या बाधलेल्या पेशींवर तुटून पडते. म्हणून कावीळ उसळते ती पुष्कळदा सगळं आटोपल्यावर, माणूस घरी चार घास नीट जेवू लागल्यावर. त्यातून बाबांना लिंफोमासाठी रिटुक्सिमॅब दिलेलं. त्याचा असर कित्येक महिने राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्याच्या माहितीपत्रकात हा धोका ठळक चौकटीत छापायला लावला. एरवी केमोनंतर निदान १२ महिने गोळी देतात, रिटुक्सिमॅबनंतर १८ तरी, आणि थांबवल्यावरही वर्षभर रक्त तपासत राहतात. बाबांची कावीळ जुनी, त्यांना कदाचित त्याहून जास्त लागेल. ते यकृताच्या डॉक्टरांनाच ठरवू दे.

वॉर्डात इतकी वर्षं काढली म्हणून सांगते, डोळ्यांचा पिवळेपणा ट्यूबलाइटखाली कळत नाही. सकाळी खिडकीशी उभं करून बघत जा. काटकसरी आहेस, पण गोळ्यांची पट्टी संपत आली की नवी आणायला चालढकल नको. सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी कर.

आणि त्यांचं ताट-वाटी वेगळं काढू नका हं, जेवणातून ही कावीळ लागत नाही. दाढीचं ब्लेड तेवढं ज्याचं त्याला. तू आणि आईने आपलं रक्त तपासलंत का? नसेल तर याच आठवड्यात जा, आणि लस घ्यायची राहिली असेल तर सहा महिन्यांतले तिन्ही डोस पुरे करा. रिपोर्ट आले की कळव.

तुझी,
आजी