घोड्याची किंमत आणि विकणाऱ्याचे मौन

सयाजीराव हे नाव एका घोड्यालाही होते, हे वडोदऱ्याच्या जुन्या मंडळींनी ऐकले असेल. १९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडमधील लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. त्या वेळी तो उच्चांक होता. त्याचा सख्खा थोरला भाऊ दान्ते याने त्याच वर्षी डर्बी जिंकली होती. धाकट्याने महाराजांना निराश केले नाही. १९४७ साली त्याने सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकली. संस्थानच्या धन्याने असा खर्च करावा की नाही, हा प्रश्न निराळा. शर्यतीवरील जुगाराविषयीही आम्ही आज लिहीत नाही. जे जनावर कधी धावलेच नाही त्याची किंमत कशावर ठरते, आणि विकणाऱ्याला त्याच्याविषयी जे ठाऊक आहे त्यातले किती त्याने सांगावयास हवे, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

१७६६ साली स्थापन झालेली टॅटरसॉल्स ही लिलावसंस्था आजही न्यूमार्केट येथे गिनींतच बोली घेते. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. जुन्या वहिवाटीप्रमाणे वीस शिलिंगांचा पौंड विकणाऱ्याचा आणि वरचा एक शिलिंग लिलाववाल्याचा. गिऱ्हाइकाच्या हाती छापील यादी असते, तीत वंशावळ असते. तो शिंगराला चालवून पाहतो, पाय निरखतो, छाती व डोळे पाहतो. त्यानंतर उरते ती केवळ आशा. १९८३ साली अमेरिकेत केंटकी राज्यातील कीनलंडच्या लिलावात एका शिंगराला एक कोटी दोन लाख डॉलर आले. ते एकही शर्यत धावले नाही. १९८५ साली तेथेच सिअ‍ॅटल डान्सरसाठी बोली एक कोटी एकतीस लाखांवर गेली. त्याने दोन शर्यती जिंकल्या खऱ्या, पण तेवढ्याने ती रक्कम कशी फिटणार? त्याच घोडीच्या पोटचा सिअ‍ॅटल स्लू १९७५ साली अवघ्या साडेसतरा हजार डॉलरांना विकला गेला होता, आणि १९७७ साली अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती त्याने जिंकल्या. पुढे २००६ साली ग्रीन मंकी नावाच्या दोन वर्षांच्या घोड्याला एक कोटी साठ लाख मिळाले. तो तीनदा धावला, एकदाही जिंकला नाही.

या प्रकारांत कोणी कोणाला फसविले असे आम्ही म्हणत नाही. पुढचे कोणालाच दिसत नाही, आणि उद्याचे अज्ञान दोघांचेही सारखेच असते. परंतु कालची गोष्ट तशी नाही. रात्री तबेल्यात काय झाले, कोणता पाय महिनाभर सुजला होता, हे वाढविणाऱ्याला ठाऊक असते व घेणाऱ्याला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, जेथे दोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतो तेथे गिऱ्हाईक प्रत्येक मालाला संशयाचाच भाव देते. मग चांगला माल असलेला मनुष्य बाजारात यावयाचा थांबतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चेझम व विमर या दोघा अभ्यासकांनी १९९७ साली हाच नियम शिंगरांच्या लिलावास लावून पाहिला. जे मालक शिंगरे विकतातही आणि स्वतःच्या नावावर शर्यतीत धावविण्यासाठी काही मागेही ठेवतात, त्यांच्या मालाला कमी भाव येतो असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. गिऱ्हाईक मनात म्हणते, उत्तम ते याने घरी ठेवले असणार! त्या मालकाने काही लपविलेले नसले तरी संशयाचा दंड त्याला भरावा लागतोच.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे विकले जातात, तेथेही घेणारा आधी खोड विचारतो. गिऱ्हाईकही काही निष्पाप नसते म्हणा. घेताना नाक मुरडायचे आणि घरी गेल्यावर स्वस्तात मिळाल्याची बढाई मारायची, ही रीत नीतिसूत्रांच्या काळीही होती.

तर मग न विचारलेले सांगावे काय? रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये हाच वाद मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन प्रथम पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? एका तत्त्ववेत्त्याचे म्हणणे असे की, मौन म्हणजे लपविणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, सांगितलेच पाहिजे. सिसेरोने दुसऱ्याची बाजू घेतली. आम्हीही तीच घेतो. पण घेताना थोडे अडखळतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी बाजाची पेटी विकली. भात्याला एक बारीक चीर होती. घेणाऱ्या गृहस्थांनी सूर वाजवून पाहिले, भात्याविषयी विचारले नाही, आणि आम्ही बोललो नाही. किंमत मात्र पुरती घेतली.

घोड्यांच्या बाजाराने या मौनावर नियमांचे उपाय केले आहेत. लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची खोड न सांगता घोडा विकला, तर ठरावीक मुदतीत तो परत करता येतो. पायांची क्ष-किरण चित्रे लिलावाच्या आवारात एका ठिकाणी ठेवतात व गिऱ्हाइकाचा पशुवैद्य ती पाहतो. दलाल दोन्ही बाजूंकडून पैसे घेत असेल तर ते त्याने दोघांनाही कळवून त्यांची संमती घ्यावी, असा कायदा केंटकी राज्याने २००६ साली केला. हे सारे आवश्यकच होते. पण विश्वास माणसावरून चित्रावर गेला तशी काही जणांनी चित्रालाच औषध देण्यास सुरुवात केली. हाडांची झीज रोखणारी, मोठ्या वयाच्या जनावरांसाठी असलेली काही औषधे कोवळ्या शिंगरांना दिल्याने चित्र स्वच्छ दिसते, दुखणे झाकले जाते, आणि वाढत्या हाडांना अपाय होण्याची भीती राहते. २०१९ मध्ये केंटकीतील लिलावसंस्थांना त्याविरुद्ध नियम करावा लागला. येथे मौनाची झळ गिऱ्हाइकाच्या खिशापुरती राहत नाही. मुक्या जनावराचा पाय मोडला तर त्याचे काय होते, हे सर्वांस ठाऊक आहे.

प्रामाणिकपणा फुकट पडत नाही, हेही मान्य करू. चित्रात एखादी निरुपद्रवी सावली दिसली तरी बोली थंड पडते. सांगणारा तोट्यात जातो व शेजारचा गप्प बसणारा पैसे मोजून घेतो. वर्षाची सगळी मेहनत एकाच दिवशी लिलावात उभी करणाऱ्या छोट्या मालकाला हे सोपे नाही, आणि त्याला दुरून उपदेश करणे आम्हास शोभणार नाही.

पेटीविषयी सांगावयाचे राहिले. अखेर आम्ही त्या गृहस्थांना पत्र लिहिले आणि दुरुस्तीचा खर्च देऊ केला. त्यांचे उत्तर आले. चीर त्यांना पहिल्याच संध्याकाळी दिसली होती. आम्हाला ती ठाऊक नसावी, उगाच कळवून आमच्या मनाला का लावून घ्यायचे, असे समजून ते काही बोलले नव्हते.