अर्ध्यात राहिलेली कादंबरी

आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. अशा गावात खरं बोलायला जरा धीर लागतो, पण सांगतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ मी दोनदा हाती घेतली, दोनदा अर्ध्यात ठेवली. अडगळीत मीच हरवलो. ‘कोसला’ मात्र कॉलेजात असताना एका दमात संपवली होती. दोष पुस्तकाचा की वयाचा, देव जाणे!

मग विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’. धरणग्रस्तांची कादंबरी, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. काही प्रसंग फार लांबलेत, असं माझं मत. पण विस्थापितांचे हेलपाटे वाचताना पान उलटवत नव्हतं. तेवढ्यात पहाटेचा नळ आला. गंगापूर धरणाचं पाणी. हंडा भरून वाहू लागला, तरी मी पानात बोट अडकवून तसाच उभा.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ची, चिमुकली. शिंप्याची बायको आपल्या बोलीत सांगत जाते, आपण ऐकत बसतो. आमच्या हिनं ती दोन दुपारींत वाचली आणि म्हणाली, “एक शब्द जास्तीचा नाही हो यात.”

‘हिंदू’ अजून उशाशीच आहे. खुणेला सिटीलिंक बसचं तिकीट घातलंय.