अनोळखी झाड आणि असंगाची कुऱ्हाड



आजचं वाचन: गीता, अध्याय १५, श्लोक १ ते ३.

पंधरावा अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असतो, कारण अनेक घरांत तो जेवणाआधी म्हणायची पद्धत. वीसच श्लोक. समोर वरणभाताची वाफ आणि तोंडाने पुरुषोत्तमयोग, त्यामुळे पहिल्या तीन श्लोकांत नक्की काय म्हटलंय तिकडे लक्ष जातंच असं नाही. आज तेवढेच तीन घेऊया. त्यांत एक झाड आहे, आणि गेला महिनाभर माझ्याही डोक्यात एक झाडच आहे.

भगवंत एका उलट्या झाडाबद्दल बोलतात. मूळ वर, फांद्या खाली. नाव अश्वत्थ. हे झाड ज्याने जाणलं त्याला वेद कळला, असं पहिल्याच श्लोकात सांगून टाकतात. मग तिसऱ्या श्लोकात म्हणतात की याचं खरं रूप इथे कुणाला सापडत नाही, याला आदी नाही आणि अंतही नाही. आणि लगेच: असंगाच्या बळकट शस्त्राने हे तोड. म्हणजे बघा, आधी ओळखायला सांगितलं, मग ओळखू येणार नाही म्हणून सांगितलं, आणि वर तोडायलाही सांगितलं! तिन्ही गोष्टी एकाच झाडाच्या बाबतीत.

हे सगळं संसाराचं रूपक आहे, हे आपल्याला माहीत असतं. रूपक आहे म्हटलं की आपण निश्चिंत होऊन पुढे सरकतो. मला या वेळी सरकता आलं नाही, कारण माझ्यासमोरचं झाड रूपकातलं नव्हतं.

पानशेतच्या बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला माझ्या मामाने निवृत्तीनंतर छोटी जागा घेतली. खडकवासल्यावरून पुढे गेलात तर हा रस्ता तुमच्याही ओळखीचा असेल, विकेंडला निम्मं पुणे तिथेच असतं. (ज्या धरणाच्या काठावर आपण भजी खातो ते १२ जुलै १९६१ ला फुटलं होतं आणि निम्मं पुणे वाहून गेलं होतं, हे आपल्या पिढीला आजीकडूनच कळतं.) जागेच्या कोपऱ्यात, अगदी फाटकाला लागून, एक झाड आहे. मामाने लावलेलं नाही, आधीच्या मालकानेही नाही. गर्द, काळपट हिरवं, बारा महिने पानांनी भरलेलं. मामाला तिथे गाडीसाठी शेड घालायची आहे. आणि झाडाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

नावाला एवढं महत्त्व का, तर महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा आहे आणि त्याला एक यादी जोडलेली आहे. आंबा, फणस, चिंच, हिरडा, मोह, साग, जांभूळ अशी काही मोजकी नावं. यादीतलं झाड असेल तर स्वतःच्या जमिनीतलंसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. मामाला शंका होती की हे जांभूळ असावं. म्हणून मला फोन आला, "अगं, तुझ्या त्या ॲपमध्ये बघ ना जरा, हे जांभूळ आहे का दुसरं काही."

ॲपला तीन फोटो दिले, त्याने तीन नावं दिली. एक जांभूळ, एक मी कधी ऐकलेलंही नाही असं, आणि एक चक्क परदेशातल्या बागांमधलं. मग वनस्पतिशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने झाडाकडे बघितलंच नाही म्हणा ना, प्रश्नच विचारत सुटली. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? समोरासमोर. देठ तोडल्यावर चीक येतो? नाही. पानाची कड गुळगुळीत की दातेरी? नीट बोट फिरवल्यावर लागली, बारीक दातेरी. पान चुरगळून वास घे. काही विशेष वास नाही. उन्हाकडे धरून बघ, कडेला समांतर जाणारी एक बारीक शीर दिसते का? नाही. "मग जांभूळ नाही," ती म्हणाली. जांभळाच्या पानाची कड सलग असते, कडेने ती शीर धावते आणि चुरगळल्यावर वास येतो. पुढचं नाव मात्र तिने सांगितलं नाही, फुलं-फळं बघायला हवीत म्हणाली.

ते सांगितलं शेजारच्या वाडीतल्या आजींनी, फाटकातून आत येताना, वरही न बघता. "ह्ये व्हय? पारजांभळ. माणसाच्या कामाचं न्हाई, पाखरं खात्यात." मैत्रिणीने नाव ऐकलं आणि लगेच हो म्हणाली. दातेरी पानं, समोरासमोर, सगळं जुळतंय. शास्त्रीय नाव ओलिया डायोइका. ऑलिव्हच्या कुळातलं, म्हणजे आपल्या मोगरा-जाईचंही नातेवाईक. सह्याद्रीतलं साधंसुधं सदाहरित झाड.

आणि पारजांभूळ यादीत नाही.

मला आज खरं तर एवढ्याचबद्दल लिहायचं होतं. जोवर नाव माहीत नव्हतं तोवर कुऱ्हाड थांबलेली होती. नाव कळलं आणि झाडाचं होतं नव्हतं ते संरक्षणही गेलं. एरवी आपण किती सहज म्हणतो की ओळख झाली की आपुलकी वाटते. इथे उलटंच झालं. मामा वाईट माणूस नाही, उन्हात बाहेर पडला की वाटसरूला पाणी विचारणारा आहे. पण त्याचा प्रश्न "हे कोण आहे?" असा नव्हताच. त्याचा प्रश्न होता, "हे तोडलं तर मला त्रास होईल का?" उत्तर मिळाल्यावर झाडाकडे बघायचं कारण उरलं नाही.

मग मला पहिला श्लोक वेगळा ऐकू यायला लागला. झाड जाणणारा वेद जाणणारा ठरतो, ते जाणणं यादीतलं नाव सापडण्याचं नक्कीच नसेल. आणि तिसऱ्या श्लोकातलं "रूप सापडत नाही" हेही मला हताश करणारं वाक्य वाटत नाही आता. ते सावध करणारं आहे. नाव मिळालं म्हणजे झाड मिळालं असं समजू नकोस.

यावर मामीचं म्हणणं ऐका. झाडाचा खरा राग तिला आहे. "सदाहरित म्हणे! पिंपळ परवडला, एकदा काय ती पानं गाळतो. हे मेलं रोज झडतं. रोज झाडू मारतेय मी." आणि मामी शंभर टक्के बरोबर आहे. सदाहरित झाडाची पानं टिकाऊ नसतात. प्रत्येक पान आपापल्या वेळेला पिकतं आणि पडतंच, फक्त सगळी एकदम पडत नाहीत. इकडे पडतात, तिकडे नवी फुटतात, म्हणून लांबून बघणाऱ्याला ते कायम भरलेलंच दिसतं. खरं काय ते झाडू मारणाऱ्याला कळतं.

आता हे ज्ञानेश्वरीशेजारी ठेवून बघा. अश्वत्थ म्हणजे पिंपळ हा रोजचा अर्थ माउली बाजूला ठेवतात आणि शब्द फोडून सांगतात: श्व म्हणजे उद्या. जे उद्यापर्यंतसुद्धा तसंच राहत नाही ते अश्वत्थ. पण गीतेने तर त्याच झाडाला अव्यय म्हटलंय, न संपणारं! मग? माउली समुद्राचं उदाहरण देतात. एकीकडून ढग पाणी उचलत असतात, दुसरीकडून नद्या आणून ओतत असतात, म्हणून तो ना ओसरलेला दिसतो ना वाढलेला. क्षणोक्षणी चाललेली जा-ये आपल्या लक्षात येत नाही आणि आपण म्हणतो, हे कायमच आहे. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आणि मामीच्या झाडूखालची पानं, मला तरी यांत फरक दिसला नाही. त्या दिवशी झाडाला जर कुणी ओळखलं असेल तर ते मामीने, आणि तीसुद्धा चिडून.

हे मी जेवताना बोलून दाखवलं तेव्हा मामा हसला. म्हणाला, "म्हणजे तुझ्या गीतेतच लिहिलंय की तोड म्हणून. मी काय वेगळं करतोय?"

प्रश्न टोमण्यातला असला तरी टाळण्यासारखा नाही. तिथे शस्त्र आहे, आणि ते झाडावरच चालवायचं आहे. पण शस्त्राचं नाव काय? असंग. चिकटून न राहणं. आता मामाच्या जागेत चिकटलेलं काय आहे? झाड तर सातबाऱ्यावर नाव लागायच्या आधीपासून तिथे उभं आहे. चिकटली आहे ती "माझी जागा, माझी गाडी, माझी शेड" ही ओळ. असंगाची कुऱ्हाड चालवायची तर ती या ओळीवर चालेल. पारजांभळाला तिचा धक्कासुद्धा लागू नये.

याच खोऱ्यात हे कुणीतरी करून दाखवलेलं आहे, म्हणून मी धीटपणे म्हणतेय. पानशेतच्या पाण्याच्या कडेला शिरकोलीला शिरकाई देवीची राई आहे. वेल्हे, भोर, मुळशी भागात अशा देवराया जागोजागी होत्या, काही अजून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला आणि शास्त्राच्या जगाला त्यांची दखल घ्यायला लावली. राईचा नियम साधा: इथलं काही आपलं नाही, देवीचं आहे. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. आत कुठली झाडं आहेत याची यादी करून, उपयोगाची निवडून मग ती राखली, असं झालेलं नाही. नाव माहीत असलेलं आणि नसलेलं, दोन्ही सारखंच राखलं. वर्तकांसारखे अभ्यासक नावं घेऊन आले ते कितीतरी पिढ्यांनंतर, आणि नावं द्यायला झाडं शिल्लक होती ती त्या नियमामुळे.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, तो धाक होता, भक्ती कसली? देवी कोपेल म्हणून हात लावत नव्हते. असेलही. मामाला दंडाचा धाक होता, त्यांना देवीचा. पण दंडाचा धाक यादी वाचली की संपतो. आणि आज देवीचाही संपत चाललाय, बऱ्याच ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, सिमेंटच्या सभामंडपासाठी राईतलीच झाडं पडली आहेत. देवीसाठी देवीचीच झाडं! मला हे मामाच्या शेडपेक्षा जास्त लागतं. मामा निदान गाडीसाठी मागतोय, देवाचं नाव पुढे करत नाहीये.

मी मामाला एवढंच सांगितलं की नाव आपल्याला कळलंय, ओळख अजून अर्धीच आहे. पारजांभळात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं असतं, त्याच्या शास्त्रीय नावातच ते आहे. हे कुठलं आहे ते बहर आल्याशिवाय कळणार नाही. मादी असेल तर बारीक काळीनिळी फळं धरतील आणि आजी म्हणाल्या तशी पाखरं येतील. नर असेल तर फळ नाही, पण मग आसपास जी कुठली मादी उभी असेल तिला याची गरज असणार.

मामाने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. शेड चार फूट आत घेतली तर किती खर्च वाढेल ते त्याने गवंड्याला विचारलंय. गवंडी दिवाळीनंतर येणार आहे.