परिपाठातली बातमी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत सकाळी परिपाठाला उभं राहिलं, की प्रार्थना, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका झाल्यावर दोन गोष्टी एकापाठोपाठ कानावर येतात. कुणीतरी फळ्यावरचा सुविचार वाचतं आणि कुणीतरी वर्तमानपत्रातल्या ठळक बातम्या. सुविचार दयेचा असतो, बातमी दुष्काळाची, अपघाताची, निवडणुकीची असते. दोघांना मिळून पाच मिनिटंही मिळत नाहीत. लगेच बोधकथा सुरू होते आणि मुलं रांगेनं वर्गात जातात.

सुविचाराचा आणि बातमीचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न कॅथलिक हायस्कूलमध्ये अधिक टोकदार होतो. तिथे शाळेचं वार्षिक असतं, धर्मग्रामाचं पत्रक असतं, सूचनाफलक असतो. दहावीचा निकाल, क्रीडास्पर्धा, संताचा सण, नव्या फादरांचं स्वागत अशा बातम्या एका बाजूला आणि फादर किंवा सिस्टर लिहितात ते चिंतन दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. श्रद्धेचं पान वेगळं आणि जगाचं पान वेगळं, असं मुलाच्या मनात बसतं ते इथेच. पण ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी गेलं तर ही विभागणी टिकत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही माणसं येशूकडे चक्क एक बातमी घेऊन येतात. रोमन सुभेदार पिलातानं गालीलातल्या काही लोकांना ते यज्ञ करत असतानाच मारलं, अशी ती बातमी. येशू तिच्यात दुसरी भर घालतो: शिलोआमचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसं दबून मेली. सत्तेनं केलेला खून आणि बांधकाम कोसळून झालेला अपघात, आजच्या पहिल्या पानावर शोभतील अशा या दोन घटना. ऐकणाऱ्यांच्या मनात एक उत्तर तयारच होतं: मेले त्यांचं काहीतरी पाप असणार. येशू ते उत्तर साफ नाकारतो. मेलेली माणसं इतरांहून अधिक पापी नव्हती, असं सांगून तो प्रश्न ऐकणाऱ्यांकडेच वळवतो: तुमचं काय, तुम्ही बदलणार का?

बातमीवर धार्मिक चिंतन कसं करावं याचा याहून कडक धडा दुसरा नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याची घाई करायची नाही, आणि त्या दुःखाची बोधकथा करून आपण मोकळं व्हायचं नाही. शाळांतून लिहिली जाणारी बहुतेक चिंतनं नेमकी या दोन खड्ड्यांत पडतात, हे खेदानं म्हणावं लागतं.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात हा धडा किती जड जातो हे दाखवणारी घटना जुनी नाही. तालुक्यातलं खर्डा हे गाव शाळेच्या पुस्तकात १७९५ सालच्या मराठे-निजाम लढाईसाठी असतं. २८ एप्रिल २०१४ रोजी त्याच गावात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण समाजातल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तो मुलगा शाळेत जाणारा होता. त्याच्याच वयाची हजारो मुलं जिल्ह्यातल्या शाळांत रोज सुविचार वाचत होती. अशा वेळी एखादी शाळा परिपाठात ती बातमी गाळून क्रिकेटचा निकाल वाचते, तेव्हा ती मुलांना श्रद्धेबद्दलही काहीतरी शिकवत असते: देवाचा आणि या बातमीचा संबंध नाही, असं.

श्रद्धा आणि बातमी या जिल्ह्यात पूर्वीपासूनच अशी वेगळी होती असं मात्र नाही. जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. ते प्रोटेस्टंट मिशनचं पत्र होतं, धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता, आणि त्याच्या पानांवर धर्म, विज्ञान आणि वर्तमान एकमेकांत मिसळलेले असत. नगरमध्येच याच मिशनच्या सिंथिया फरार मुलींची शाळा चालवत होत्या. जोतीराव फुले यांनी ती पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’नं १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची होती.

मांग आणि महार समाजाच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज दलित साहित्याच्या आणि स्त्रीलेखनाच्या आरंभाशी मानानं ठेवला जातो. पण तो सर्वांत आधी एका विद्यार्थिनीचं धार्मिक चिंतन आहे, याकडे पुरेसं लक्ष जात नाही. ज्या ग्रंथाला हात लावायचीही मनाई आहे तो ग्रंथ आपला कसा, मग आपला धर्म कोणता, हे ती थेट देवालाच विचारते. आणि हा प्रश्न ती हवेत विचारत नाही. तिच्या जातीतल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही मिळत नाही, माणसांना इमारतीच्या पायात गाडलं जातं, शिकू पाहणाऱ्याला हाकललं जातं, हे ती एकेक करून सांगते. तिच्या निबंधात बातमी आणि प्रार्थना वेगळी काढताच येत नाहीत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी शाळेतल्या मुलामुलींनी श्रद्धेवर जे काही लिहिलं असेल, त्यात इतकं निर्भय लिखाण क्वचितच झालं असेल.

मुक्ताच्या शाळेची मालकी मिशनकडे नव्हती आणि मुक्ता ख्रिस्ती झाली म्हणून तिचा लेख छापला गेला असंही नव्हतं. एका ख्रिस्ती पत्रानं आपल्या धर्माबाहेरच्या मुलीचा देवाला विचारलेला सवाल दोन अंकांत जागा देऊन छापला. आजच्या कॅथलिक शाळेच्या वार्षिकाच्या संपादकानं हे उदाहरण समोर ठेवायला हरकत नाही.

कॅथलिकांची स्वतःची परंपराही याच जिल्ह्यात रुजली. १९०३ मध्ये राहुरीजवळच्या केंदळ गावात जर्मन येशूसंघीय (जेझुइट) फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केलं. खेड्यापाड्यांतल्या, बहुतांशी दलित जातींतून आलेल्या मराठी कॅथलिकांसाठी ते होतं, आणि ते शतकाहून अधिक काळ चालत आलं. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धानं त्यांना जर्मन म्हणून भारताबाहेर अडकवलं, आणि १९२१ मध्ये रोमनं त्यांना जपानला, हिरोशिमाला पाठवलं. १९२७ मध्ये ते पुण्याला परतले.

हिरोशिमाचं नाव येताच येशूसंघाच्या इतिहासातला दुसरा माणूस आठवतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा शहराच्या कडेला नागात्सुका इथल्या नवशिष्यालयाचे प्रमुख होते स्पॅनिश फादर पेद्रो अरुपे. त्यांचं शिक्षण वैद्यकाचं होतं. त्यांनी त्या घराचं इस्पितळ केलं आणि जळालेल्या माणसांवर हाती होतं त्या साधनांनिशी उपचार केले. पुढे १९६५ मध्ये ते साऱ्या येशूसंघाचे प्रमुख झाले. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया इथे येशूसंघीय शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी विचारलं की आपल्या शाळांनी तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही, आपण ते केलेलं नाही. शाळेनं इतरांसाठी जगणारी माणसं घडवावीत, हा त्या भाषणाचा गाभा. समोर बसलेल्या यशस्वी मंडळींपैकी काहींना ते रुचलं नाही. अरुपे यांनी बातमी पहिल्या पानावर वाचलेली नव्हती, त्यांच्या दारात ती चालत आली होती. त्यांच्या भाषणाला धार आली ती तिथून.

येशूसंघाच्या शिक्षणपद्धतीत यासाठी साधनही आहे. संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी दिवसातून दोनदा थांबून आपल्या दिवसाकडे मागे वळून पाहायला सांगितलं: आज काय घडलं, कुठे देवाची हाक आली, कुठे आपण ती टाळली. १९९३ मध्ये येशूसंघानं शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात हीच साखळी वर्गात आणली आहे. मुलाची परिस्थिती, अनुभव, चिंतन, कृती आणि मग त्या सगळ्याची पारख. यातली परिस्थिती पहिली आहे. नगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या मुलाची परिस्थिती म्हणजे पाण्याचा टँकर, ऊसतोडीला गेलेले आईबाप, वडिलांच्या नावावरचं कर्ज. तिथून सुरू न होणारं चिंतन कितीही सुंदर मराठीत लिहिलं तरी त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

इथे एक अडचण येते, आणि ती खरी आहे. महाराष्ट्रातल्या कॅथलिक शाळांत बसलेली बहुतेक मुलं कॅथलिक नसतात. एकीच्या घरी पंढरीची वारी असते, दुसऱ्याच्या घरी रोजे, तिसऱ्याच्या घरी बाबासाहेबांची तसबीर. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात जाणारी कुटुंबं त्यात थोडीच. संविधानाचं तिसावं कलम अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतं. अठ्ठाविसावं कलम त्यांनाही बांधतं: मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कुणालाही स्वतःच्या, अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीविना धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शाळांनी यावर सोयीचा तोडगा काढला. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि उरलेल्यांना मूल्यशिक्षण. कायद्याला ते धरून आहे. पण यात वर्गाचे दोन तुकडे होतात, आणि ज्या बातमीवर सगळ्यांनी मिळून बोलायला हवं ती दोन्ही तासांतून निसटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीची घोषणा प्रसिद्ध केली. त्याच दिवशी तिनं इतर धर्मांशी चर्चच्या नात्याविषयीचीही घोषणा प्रसिद्ध केली, आणि त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं जाहीर केलं. हे दोन दस्तऐवज एकत्र वाचले तर कॅथलिक शाळेचा मार्ग मोकळा होतो. शाळेनं आपली श्रद्धा लपवायची गरज नाही. फादरांनी खर्ड्याच्या बातमीवर ख्रिस्ती माणूस म्हणून बोलावं, लूकच्या तेराव्या अध्यायासह बोलावं. मग वारकऱ्याच्या घरातल्या मुलीनं तिच्या संतांच्या बळावर बोलावं, बौद्ध मुलानं बुद्धाच्या. कुणाच्याही श्रद्धेला ओढायचं नाही. सगळ्यांनी मिळून एका घटनेसमोर उभं राहायचं.

हे जमतं का? जामखेडमध्ये जमलं; मात्र शाळेत नाही, दवाखान्यात. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच, शिक्षक आईवडिलांचे पुत्र. त्यांनी आणि डॉ. मेबल यांनी १९६० मध्ये लग्नाच्या वेळीच खेड्यातल्या गरिबांची सेवा करण्याचं व्रत घेतलं होतं. वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की तीच माणसं तेच आजार घेऊन पुन्हा पुन्हा येतात. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते जामखेडला आले. ते कॅथलिक नव्हते, पण येशूचं अनुकरण ही त्यांच्या कामाची प्रेरणा होती आणि ती त्यांनी कधी झाकली नाही.

त्यांनी उभी केलेली आरोग्यसेविकांची फळी मात्र सगळ्या जातिधर्मांची होती. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दर आठवड्याला जामखेडला जमून त्या आपापल्या गावची खबर सांगत: कोणतं मूल जुलाबानं वाळलं, कोणाचं बाळंतपण जवळ आलं, कुणाला कुष्ठरोगी म्हणून घराबाहेर काढलं. प्रशिक्षणात सवर्ण आणि दलित बायका एकत्र जेवल्या, एकत्र झोपल्या. दुष्काळात कूपनलिका घेताना अनेक गावांत त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिथे यावं लागे. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यूचा दर १९९० च्या दशकात तिसाच्या आत आला. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या साप्ताहिक बैठकीत जे चाले त्याला कुणी धर्मशिक्षण म्हटलं नाही. पण बातमी ऐकायची, तिच्यातला अन्याय ओळखायचा, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत काय करायचं ते ठरवायचं, हा क्रम इग्नाशियस यांना ओळखीचा वाटला असता.

शाळेला हे आजही करता येईल, आणि त्यासाठी मोठं काही लागत नाही. जामखेड, पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांच्याबरोबर मुलंही जातात. वर्गातली हजेरी घसरते, पण शाळेच्या पत्रकात त्याची बातमी नसते. सरकारनं हंगामी वसतिगृहांची सोय केलेली आहे, ती सगळ्यांना पुरत नाही. मिशनच्या शाळांकडे बोर्डिंग आहेत. याच जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेली कित्येक मुलं त्याच बोर्डिंगांत राहून शिकली, शिक्षक झाली, परिचारिका झाली. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी नववी-दहावीच्या मुलांनीच गावोगाव फिरून कोणती मुलं फडावर निघालीत याची यादी करावी, ती परिपाठात वाचावी, आणि बोर्डिंगमध्ये किती जागा देता येतील हे मुख्याध्यापकांना विचारावं. त्या महिन्याच्या अंकात चिंतन लिहिणाऱ्या फादरांना विषय शोधावा लागणार नाही.