नोंदीतले मूल

ज्याच्या हाती फाईल असते त्याला फाईलीतले जग खरे वाटू लागते, ही आम्हां सरकारी नोकरांची जुनी व्याधी. आता ती कचेरीची पायरी उतरून खेड्यातील अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पोहोचली आहे. फरक इतकाच की, तेथे फाईलीची जागा मोबाइलने घेतली आहे. तान्ह्या मुलाचे वजन, उंची, लस, शिधा, सारे काही पडद्यावर भरले जाते. म्हणून प्रश्न असा पडतो की, मुलाची नोंद करणे ही मुलाची शुश्रूषा होय काय? आणि नसेल, तर नोंदीपायी शुश्रूषेचा जो वेळ खर्ची पडतो त्याचा जाब कोणी द्यायचा?

बेंगळूरात राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. संगणकाच्या या शहरापासून फार दूर नसलेल्या, म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. देशातील पहिल्या ३३ प्रकल्पांपैकी तो एक. सेविकेजवळ वजनकाटा आणि वाढीचा तक्ता असला की मोजमापाची सोय झाली. तक्त्यावरील रेघ खाली झुकू लागली की ती आईला बोटाने दाखविता येई, आणि निरक्षर आईलाही ती समजे. २०२१ च्या मार्चपासून देशभर ‘पोषण ट्रॅकर’ आले. आता आकडा सेविकेच्या बोटांतून निघाला की राजधानीत दिसतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. ती कोणाची, एवढेच पाहावयाचे आहे.

या संदर्भात गडचिरोलीतील एक साधन आम्हांस वारंवार आठवते. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करण्याचा प्रयोग आरंभिला. न्यूमोनियाची खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक, आणि त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतील बाळाचे ५० वा अधिक झाले की धोका समजावयाचा. परंतु ज्या सुइणींनी हे श्वास मोजावयाचे त्यांना दहा-बाराच्या पुढे मोजणे जमत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी वाळूची एक मिनिटाची घटिका आणि तारेत ओवलेले मणी असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. यातील युक्ती तर नामी आहेच; परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ते मिनिटभर सुईण बाळाच्या उघड्या छातीकडे पाहत राही. दुसरीकडे पाहिले तर मोजणीच चुके.

यावरून कोणी आम्हांस यंत्राचे वैरी समजू नये. याच बेंगळूर शहरात ‘बेम्पू’ नावाचे एक मनगटी कडे तयार झाले. कमी वजनाच्या नवजात बाळाच्या हातात ते बांधतात. बाळाचे अंग गार पडू लागले की दिव्याचा रंग बदलतो आणि कडे वाजू लागते. मग आईने बाळाला त्वचेला त्वचा लावून उराशी धरावयाचे. हा उपाय १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, उबपेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे, डॉक्टरांनी योजिला होता. कडे विजेवर चालते, मणी बोटाने सरकतात. पण दोहोंचे काम एकच, मोठ्या माणसाला मुलाकडे बोलावणे. जे साधन मुलाजवळच्या माणसाला मुलापासून उठवून कचेरीकडे वळविते, ते कितीही नवे असो, त्याची जात निराळी.

मग कचेरीला आकडे नकोतच काय? असे आम्ही म्हणणार नाही, आणि म्हटले तर ते खोटे होईल. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्रातील कितीतरी बालमृत्यू सरकारी दप्तरात नोंदलेच जात नाहीत हे उघड झाले. ज्या मुलाच्या मरणाची नोंद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जात नाही, विधिमंडळात प्रश्न विचारला जात नाही. तेव्हा नोंद हाही न्यायाचाच एक भाग आहे. मात्र ज्या सेविकेला लाल रंगातील मुलांची संख्या वाढली म्हणून वरून विचारणा होते, तिचा काटा हळूहळू दयाळू होऊ लागतो. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. भ्यालेला माणूस बोलतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा त्यांची तक्रार निकृष्ट यंत्राची आणि इंग्रजीत माहिती भरावी लागण्याची होती. बातमी वाचून अनेकांनी त्यास आडमुठेपणा म्हटले. ज्या भाषेत आईशी बोलावयाचे त्याच भाषेत लिहू द्या, ही मागणी आडमुठी कशी, हे आम्हांस उमगत नाही. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांना तरी ते सांगावयास नको.

१ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. शिध्याला वाटेत पाय फुटतात, हे कोणास ठाऊक नाही? चोरी थांबविण्याचा हेतू योग्यच आहे. परंतु खेड्यात जाळे मिळाले नाही, अथवा पडद्यावरील चेहरा आणि समोरचा चेहरा यांचे जुळले नाही, तर त्या चुकीचा भार कोणाच्या ताटावर पडावा? आमच्या मते शिधा आधी द्यावा आणि पडताळा मागाहून करावा. हा विचार आपल्या नियमपुस्तकांना अपरिचित नाही. निवृत्त होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याची कागदपत्रे वेळेत पुरी झाली नाहीत तर त्यास तात्पुरते निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. कारण कागद अडला म्हणून म्हाताऱ्याची चूल अडू नये, हे आपण आपल्यापुरते मान्य केले आहे. पुढे हिशेब लागला की राहिलेला फरकही त्याच्या खात्यात जमा होतो. घरी नेण्याचा शिधा ज्यांना मिळतो ती मुले सहा महिने ते तीन वर्षे या वयाची. आठव्या महिन्यात न मिळालेले अन्न त्यांना चौदाव्या महिन्यात थकबाकी म्हणून देता येत नाही.